अडथळा कुठे, कशामुळे आणि कोणत्या बाजूला: खान्देशातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सरकारी व खासगी रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, सर्जन, युरोलॉजिस्ट, फिजिशियन, निवासी डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट

सन्माननीय डॉक्टर,

या तीन जिल्ह्यांतल्या रुग्णालयांच्या नोंदी विभागात आम्ही काम करतो. केसपेपर उलगडणे, निदानाला आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) लावणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांची कागदपत्रे चढवणे हे आमचे रोजचे काम. हे पत्र एकाच विषयावर आहे: लघवीच्या मार्गातला अडथळा आणि त्याची डिस्चार्ज कार्डावर होणारी नोंद.

हाच विषय का, ते आपणांस सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, शेतात राबणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. जून उजाडला की कमरेत कळ घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. त्यात प्रोस्टेटचे वयस्क रुग्ण, अपघातानंतर मूत्रमार्ग आखडलेले तरुण, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दोन्ही युरेटर (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळ्या) दाबले गेलेल्या बाया आणि जन्मतः दोष असलेली लहान मुले. ओपीडीत सगळ्यांची तक्रार एकच असते, ‘मुताले तरास होस’. मात्र यांचे आजार वेगळे, उपचार वेगळे आणि कोडही वेगळे आहेत. आमच्या टेबलावर कार्ड येते तेव्हा त्यातल्या फार मोठ्या भागावर दोनच शब्द असतात: ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह युरोपॅथी’.

या दोन शब्दांना आमच्याकडे एकच कोड लागतो, एन१३.९. त्याचा अर्थ अडथळ्याची किंवा रिफ्लक्सची (लघवी उलटी किडनीकडे जाण्याची) युरोपॅथी, म्हणजे लघवीच्या मार्गाचा विकार, तपशील दिलेला नाही. अडथळा खड्याचा की गाठीचा, वरचा की खालचा, संसर्ग होता की नव्हता, यातले काहीही त्या कोडातून कळत नाही. बहुतेक वेळा डॉक्टरांना ते सगळे ठाऊक असते. सीटीचा रिपोर्ट फाइलमध्ये असतो, ऑपरेशनच्या टिपणात खड्याचे माप असते. पण निदानाच्या रकान्यात ते उतरलेले नसते आणि रिपोर्ट वाचून स्वतःच्या मनाने निदान ठरवण्याचा अधिकार कोडरला नाही. तो नसावाच, असे आमचेही मत आहे. क्ष-किरणात दिसलेली गोष्ट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने निदान म्हणून मान्य केलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि तो निर्णय आपला आहे.

खड्यांपासून सुरुवात करतो, कारण संख्येने तेच सर्वांत जास्त. किडनीत खडा असेल आणि हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून किडनी फुगणे) नसेल, तर एन२०.०. युरेटरमध्ये खडा, फुगवटा नाही, तर एन२०.१. किडनी आणि युरेटर दोन्हीकडे, तर एन२०.२. याच खड्याने किडनी फुगली असेल, तर रुग्ण एन२० मधून बाहेर पडतो आणि एन१३.२ मध्ये जातो. एन१३ खालच्या सूचनेतच लिहिले आहे की हायड्रोनेफ्रोसिस नसलेला खडा इथे घ्यायचा नाही. म्हणजे ‘राइट युरेटरिक कॅल्क्युलस’ एवढेच लिहिले आणि सोनोग्राफीतला ‘मॉडरेट एचयूएन’ (किडनी व युरेटरचा मध्यम फुगवटा) निदानात घेतला नाही, तर कळ येऊन दोन गोळ्यांत घरी गेलेला रुग्ण आणि तीन आठवड्यांपासून किडनी तुंबलेला रुग्ण हे दोघे नोंदीत सारखेच दिसतात.

त्याच तुंबलेल्या किडनीत संसर्ग झाला, की कोड एन१३.६ होतो. एन१३.० ते एन१३.५ यांतल्या कोणत्याही स्थितीत संसर्ग मिसळला की ती पायोनेफ्रोसिसच्या (तुंबलेल्या किडनीत पू होण्याच्या) घरात जाते. या एका अंकाच्या फरकासाठी आम्ही सर्वांत जास्त विनवणी करतो. अडथळा आणि संसर्ग एकत्र आला की तासांचा खेळ असतो, स्टेंट (युरेटरमध्ये ठेवायची नळी) किंवा पीसीएन (पाठीतून किडनीत घातलेली नळी) करून आधी निचरा करावा लागतो, हे आपण जाणताच. मग कार्डावर ‘युरेटरिक कॅल्क्युलस विथ यूटीआय’ का लिहिले जाते? त्यातून आम्हाला एन२०.१ आणि एन३९.० मिळतात. एन३९.० म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा सांगितलेली नाही. जिवावर बेतलेली आणीबाणी कागदावर किरकोळ तक्रार होऊन बसते. योजनेचा दावा तपासणारा डॉक्टर मग विचारतो: साध्या यूटीआयला मध्यरात्री स्टेंट कशाला? ताप होता, पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या, यावरून आम्ही पायोनेफ्रोसिस लिहू शकत नाही. ‘संसर्ग झालेला हायड्रोनेफ्रोसिस’ हे शब्द आपल्या हातचे हवेत.

‘युरोसेप्सिस’ हा शब्द मात्र कृपया सोडून द्या. कोणी तो साध्या लघवीच्या संसर्गासाठी वापरतो, कोणी रक्तात पसरलेल्या संसर्गासाठी. अमेरिकेच्या कोडिंग नियमांत तर या शब्दाला कोडच नाही, डॉक्टरला परत विचारा असे स्पष्ट लिहिले आहे. सेप्सिस असेल तर ‘सेप्सिस’ लिहा, कल्चरमध्ये आलेला जंतू लिहा आणि शॉक होता की नव्हता तेही लिहा. ई. कोलायचा सेप्सिस ए४१.५ मध्ये जातो, सेप्टिक शॉक आर५७.२ मध्ये. किडनीतल्या संसर्गाचा जंतू दाखवायला बी९६.२ जोडता येतो, आणि ईएसबीएल (अनेक अँटिबायोटिक निष्प्रभ करणारे जंतूचे विकर) निघाले असेल तर त्या प्रतिकारासाठी यू८२.२. कल्चरचा रिपोर्ट बहुधा रुग्ण घरी गेल्यावर येतो आणि फाइलला टाचून राहतो. तो आल्यावर कार्डावर एक ओळ वाढवून सही करायची पद्धत पडली, तर खान्देशात कोणत्या जंतूवर कोणते औषध चालेनासे झाले आहे, हे आपल्यालाच आपल्या नोंदींतून काढता येईल.

आता एक कार्ड जवळून पाहू. नमुना आम्ही तयार केला आहे, पण अशी कार्डे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

‘निदान: ऑब्स्ट्रक्टिव्ह युरोपॅथी, युरोसेप्सिस, ए.आर.एफ. उपचार: डी.जे. स्टेंटिंग, आय.व्ही. अँटिबायोटिक. सल्ला: गोळ्या ५ दिवस, ओपीडीत दाखवणे.’

पहिल्या शब्दाला एन१३.९. दुसऱ्यासाठी डॉक्टरांना फोन. तिसऱ्याचे तीन अर्थ होतात: अॅक्यूट रीनल फेल्युअर, अॅक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर आणि अॅक्यूट रुमॅटिक फीव्हर. संदर्भावरून किडनीच असणार हे कोणालाही कळते, पण संदर्भावर कोड लावणे ही सवय एकदा लागली की दुसऱ्या फाइलमध्ये ती घात करते. तोच रुग्ण, तेच उपचार, आता असे लिहिलेले पाहा:

‘निदान: उजव्या युरेटरच्या वरच्या भागात ९ मिमीचा खडा. त्यामुळे उजव्या किडनीत मध्यम हायड्रोनेफ्रोसिस व त्यात संसर्ग, पायोनेफ्रोसिस. लघवी व रक्त दोन्ही कल्चरमध्ये ई. कोलाय. सेप्सिस होता, शॉक नव्हता. सेप्सिसमुळे अॅक्यूट किडनी इंज्युरी: क्रिअॅटिनिन दाखल होताना ३.४, तिसऱ्या दिवशी १.६, घरी जाताना १.१. आधीचा किडनीविकार नाही. उपचार: उजव्या बाजूला ५ फ्रेंच, २६ सेमी डी.जे. स्टेंट. टाकताना पू आला, नमुना पाठवला. खडा काढलेला नाही. सल्ला: संसर्ग गेल्यावर युरेटेरोस्कोपी. स्टेंट आत आहे, काढण्याची किंवा बदलण्याची शेवटची तारीख अमुक.’

लिहायला दोन-तीन मिनिटे जास्त. यातून एन१३.६, बी९६.२, ए४१.५, एन१७.९ हे सगळे कोड फोन न करता निघतात. ‘सेप्सिसमुळे’ या एका शब्दाने अवयव निकामी झालेल्या सेप्सिसचा आर६५.१ सुद्धा लागतो. किडनीला झालेली इजा अडथळ्यामुळे असे लिहिले असते, तर तो लागला नसता. दोन्ही शक्य असतात आणि कोणते खरे हे फक्त उपचार करणाराच सांगू शकतो. ‘खडा काढलेला नाही’ हे तीन शब्दही फार कामाचे. पुढच्या महिन्यात हाच रुग्ण युरेटेरोस्कोपीसाठी (दुर्बिणीने खडा काढण्यासाठी) परत दाखल होतो, तेव्हा एकाच आजारावर दुसरा दावा का, ही क्वेरी त्या तीन शब्दांवर सुटते.

किडनीच्या कामाबद्दल थोडे अधिक. नुसते ‘रीनल फेल्युअर’ लिहिले की एन१९, म्हणजे तपशील नसलेले. अॅक्यूट असेल तर एन१७, जुने असेल तर एन१८ आणि टप्प्यानुसार एन१८.१ ते एन१८.५. अॅक्यूट म्हणायला आधार लागतो: ४८ तासांत क्रिअॅटिनिन डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, किंवा सात दिवसांत आधीच्या दीडपट होणे, किंवा सहा तास लघवी दर तासाला किलोमागे अर्धा मिलीपेक्षा कमी राहणे. म्हणून किमान दोन आकडे आणि त्यांच्या तारखा कार्डावर हव्यात. जुन्या विकारावर नवा आघात असेल तर दोन्ही लिहा, दोन्ही कोड लागतात. अडथळा सुटल्यावर लघवीचा पूर येतो, सलग दोन तास ताशी २०० मिलीपेक्षा जास्त किंवा दिवसाला तीन लिटरच्या वर. त्यासाठी रुग्णाला दोन दिवस जास्त ठेवले असेल, सलाईन आणि पोटॅशियम दिले असेल, तर तेही नोंदवा. नाहीतर कॅथेटर टाकून झाल्यावर रुग्णाला का ठेवले, याचे उत्तर फाइलमध्ये सापडत नाही.

प्रोस्टेटच्या रुग्णांत चूक वेगळ्या प्रकारची होते. लघवी अडकून आलेल्या माणसाला रात्री कॅथेटर टाकला जातो आणि निदान लिहिले जाते ‘रिटेन्शन ऑफ युरिन’. आर३३ हा लक्षणाचा कोड आहे. दाखल्याच्या शेवटी कारण कळले असेल, तर मुख्य निदान कारणाचे लागते: प्रोस्टेटची साधी वाढ असेल तर एन४०, कर्करोग असेल तर सी६१, मूत्राशयात खडा असेल तर एन२१.०. दाब मागे जाऊन दोन्ही किडन्या फुगल्या असतील तर ते स्वतंत्र लिहा, आम्ही एन१३.३ जोडू. एन३२.० हा मूत्राशयाच्या तोंडाच्या अडथळ्याचा कोड प्रोस्टेटच्या वाढीला लावलेला आम्ही वारंवार पाहतो. तो तोंडच आवळलेले असेल तेव्हासाठी आहे. कॅथेटर टाकल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत किती मिली लघवी आली, दुखत होते की नव्हते, हे दोन तपशील लिहिले तर तात्पुरते अडकणे आणि महिनोन्‌महिने तुंबलेले मूत्राशय यांत फरक कळतो. मधुमेहाने किंवा मणक्याच्या आजाराने मूत्राशयाची ताकद गेली असेल, तर तो अडथळा नाही, त्याला ऑब्स्ट्रक्शन म्हणू नये. सर्दीच्या गोळीने लघवी अडकली असेल, तर औषधाचे नाव लिहावे.

मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरमध्ये (मार्ग आखडण्यात) कारण हेच कोड ठरवते. इजेनंतरचे एन३५.०, संसर्गानंतरचे एन३५.१, टीयूआरपी (दुर्बिणीतून प्रोस्टेट काढणे) किंवा अन्य प्रक्रियेनंतरचे एन९९.१, कारण न लिहिलेले एन३५.९. सोबत आरजीयूमधली (मूत्रमार्गात औषध घालून काढलेल्या एक्स-रेमधली) जागा आणि लांबी, उदाहरणार्थ ‘बल्बर, दीड सेमी’. आखूड स्ट्रिक्चरला व्हीआययू (दुर्बिणीतून छेद) आणि लांबला युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्गाची पुनर्बांधणी), हा निर्णय पटवून द्यायला तीच लांबी लागते.

सातपुड्याच्या पट्ट्याबद्दल स्वतंत्र लिहावेसे वाटते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, तसेच चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांतून येणाऱ्या भिल्ल आणि पावरा रुग्णांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलमध्ये किडनीतला पॅपिला (आतला निमुळता भाग) सडून सुटतो आणि युरेटरमध्ये अडकतो. कळ खड्यासारखी, लघवीत रक्त, किडनी फुगलेली, पण सोनोग्राफीत खडा नाही. अशा वेळी ‘खडा पडून गेला असावा’ असे लिहून फाइल बंद होते. सिकलची तपासणी झालेली असेल तर ती निदानात घ्या: आजार असेल तर डी५७.० किंवा डी५७.१, वाहक असेल तर डी५७.३, आणि पॅपिलरी नेक्रोसिसचे निदान आपण केले असेल तर एन१७.२. वाहकालाही हा त्रास होऊ शकतो, म्हणून ‘फक्त ट्रेट आहे’ म्हणून ते गाळू नका. क्षयाने युरेटर आखडला असेल तर मुख्य कोड ए१८.१ आणि जोडीला एन२९.१. तिथे नुसते ‘युरेटरिक स्ट्रिक्चर’ लिहिले की एन१३.५ लागतो आणि क्षयाचा रुग्ण क्षयाच्या मोजणीतून सुटतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सी५३ आधी, हायड्रोनेफ्रोसिस नंतर. या बायांना पीसीएन लावून घरी पाठवले जाते आणि पुढचे कार्ड ‘बायलॅटरल एचडीएन’ (दोन्ही किडन्यांचा फुगवटा) एवढ्यावर संपते. मूळ आजारच कागदावरून जातो.

लहान मुलांत ‘जन्मजात’ हा शब्द लिहिलाच पाहिजे. पीयूजेचा (किडनी आणि युरेटर जुळतात त्या जागेचा) अडथळा जन्मजात असेल तर क्यू६२.१, नंतर झालेला असेल तर एन१३.०. पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह (मूत्रमार्गातला जन्मजात पडदा) क्यू६४.२. गरोदर बाईची उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणे अनेकदा गरोदरपणाचाच भाग असतो. तिथे अडथळा आहे की नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहावे. आहे असे लिहिले तर गरोदरपणाच्या प्रकरणातला ओ अक्षराचा कोड पुढे येतो.

रेडिओलॉजिस्टना आमची एक विनंती. ‘एचडीएन’ लिहून थांबू नका. बाजू, सौम्य-मध्यम-तीव्र यांतली पायरी, युरेटर कुठपर्यंत फुगला आहे आणि अडथळ्याची पातळी लिहा. खडा दिसला तर मिलिमीटरमध्ये माप, सीटी असेल तर एचयू (घनतेचा आकडा). फुगवटा म्हणजे अडथळा असे दरवेळी नसते. रिफ्लक्समध्येही किडनी फुगते, जुना अडथळा सुटल्यावरही ती ढिली राहते. उलट पाणी आटलेल्या रुग्णात खरा अडथळा असूनही सुरुवातीला फुगवटा दिसत नाही. शंका असेल तिथे डीटीपीए किंवा ईसी या किडनीचा निचरा मोजणाऱ्या स्कॅनचा अर्धा निचरा किती मिनिटांत झाला हे लिहावे: दहाच्या आत असेल तर अडथळा नाही, वीसच्या पुढे असेल तर आहे, मधले संशयास्पद.

आणि बाजू. आयसीडी-१० च्या एन१३ मध्ये उजवे-डावे असा वेगळा अंक नाही, त्यामुळे बाजू फक्त शब्दांत राहते. सोनोग्राफीत ‘राइट’, प्री-ऑथमध्ये (योजनेच्या पूर्वमंजुरीत) ‘लेफ्ट’, ऑपरेशन टिपणात पुन्हा ‘राइट’, अशी फाइल परत येते आणि ती परत येणेच योग्य आहे. कार्डावर ‘आर’ किंवा ‘एल’ असे एक अक्षर न लिहिता उजवी किंवा डावी असा पूर्ण शब्द लिहावा. घाईच्या अक्षरात ती दोन अक्षरे वाचताना फसवतात.

कोड कुठून घेतला जातो, हेही तपासावे लागेल. इंटरनेटवर शोधले की अमेरिकेची सुधारित आवृत्ती समोर येते: आर३३.९, एन४०.१, एन१३.३०. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये हे कोड नाहीत, तिथे आर३३ आणि एन४० एवढेच आहेत आणि एन१३.३ पुढे अंक नाही. एकाच रुग्णालयाच्या अहवालात दोन्ही आवृत्त्या मिसळल्या की बेरीज चुकते. आयसीडी-११ जगात १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण आपले रोजचे काम दहाव्या आवृत्तीवर चालते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने सॉफ्टवेअरमध्ये कोणती आवृत्ती बसवली आहे हे लेखी ठरवावे, आणि ‘ऑब्स्ट’ टाइप केल्यावर पहिल्या ओळीत येणारा एन१३.९ खाली ढकलावा. थकलेला माणूस रात्री दोन वाजता पहिल्याच ओळीवर क्लिक करतो.

योजनेच्या संदर्भात दोन शब्द. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिचेच पुढचे रूप. इतक्या वर्षांनंतरही मुतखड्याच्या दाव्यात क्वेरी येते ती त्याच त्या कारणांवरून: निदान किडनीच्या खड्याचे आणि पॅकेज युरेटेरोस्कोपीचे, खड्याचे माप नाही, ऑपरेशननंतरच्या केयूबी (किडनी ते मूत्राशय) एक्स-रेवर नाव आणि तारीख नाही, स्टेंट टाकला पण ऑपरेशन टिपणात उल्लेख नाही. आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) यातले काही दुरुस्त करता येत नाही. तो फक्त रुग्णाच्या नातेवाइकाला सांगू शकतो की कागद अडकला आहे.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला आत राहिलेल्या स्टेंटची वाटते. युरेटेरोस्कोपी किंवा पीसीएनएलनंतरचा (पाठीतून छिद्र करून खडा काढल्यानंतरचा) डी.जे. स्टेंट साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढायचा असतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तरी साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. जितका जास्त राहील तितके त्यावर क्षार चढतात, दोन्ही टोकांना खडे धरतात, तो तुटतो, आणि ज्या किडनीला वाचवण्यासाठी टाकला तीच बंद पडते. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगराळ भागातली कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेत जातात. कळ थांबलेली असते, आत नळी आहे हे माणसाला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेले नसते, कार्डावर ‘फॉलोअप’ एवढाच शब्द असतो. पुढे सुरतेच्या एखाद्या दवाखान्यात लघवीतून रक्त जाते म्हणून तो दाखवतो, तेव्हा तिथल्या डॉक्टरलाही कार्डावरून काही कळत नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक रुग्णालयात एक स्टेंट रजिस्टर ठेवावे. त्यात रुग्णाचे नाव, गाव, स्वतःचा आणि घरातल्या दुसऱ्याचा मोबाइल, गावच्या आशाताईंचा नंबर, बाजू, टाकल्याची तारीख, काढायची शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष काढल्याची तारीख. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शेवटचा रकाना रिकामा असलेल्यांना फोन. डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत: ‘तुमच्या पोटात नळी आहे. अमुक तारखेच्या आत काढायची आहे.’ मराठी न येणाऱ्याला कर्मचाऱ्यांपैकी भिली किंवा पावरी बोलणाऱ्याकडून समजावून सांगावे आणि तसे लिहावे. नोंदीतही त्याला जागा आहे: स्टेंट आत असलेल्या प्रत्येक भेटीत झेड९६.०, पीसीएन असेल तर झेड९३.६, स्टेंट सरकला किंवा बुजला तर टी८३.१, त्यामुळे संसर्ग झाला तर टी८३.५. हे कोड लागू लागले की नळी घेऊन फिरणारे किती, हा आकडा जिल्ह्याच्या पातळीवर पहिल्यांदाच दिसेल. कॅथेटर घेऊन घरी जाणाऱ्यांसाठीही हीच रीत: साध्या लॅटेक्स फोलीला दोन ते चार आठवडे, सिलिकॉनला बारा आठवड्यांपर्यंत, आणि कोणता टाकला हे कार्डावर.

मृत्यू झाल्यास नमुना ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) भरताना हीच साखळी खालून वर नेटकी लागावी. पहिल्या भागात (अ) सेप्टिक शॉक, (आ) पायोनेफ्रोसिस, (इ) युरेटरमधला खडा, आणि प्रत्येकासमोर किती तास, किती दिवस. मधुमेहासारखा जोडीचा आजार दुसऱ्या भागात. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ हे मरणाचे कारण नाही. त्यावर थांबले, तर खड्याने गेलेला माणूस खड्याच्या आकड्यात कधीच येत नाही.

आपणांकडून नेमके काय हवे, ते सांगतो. डिस्चार्ज कार्डाच्या निदानाखाली पाच छोटे रकाने छापून घ्यावेत: अडथळ्याची जागा, कारण, बाजू, संसर्ग आहे की नाही, किडनीचे काम. सहावा रकाना आत ठेवलेल्या नळीचा आणि तिच्या तारखेचा. कोडरच्या शंकेला लेखी क्वेरीचा कागद असावा आणि त्यावर उत्तर सुचवलेले नसावे. ‘पायोनेफ्रोसिस होता ना?’ असे आम्ही विचारू नये. ‘स्टेंट टाकताना पू आल्याची नोंद आहे, कृपया निदान स्पष्ट करावे’ असे विचारावे, आणि उत्तर तारीख-सहीसह फाइलमध्ये लागावे. आठवड्यातून अर्धा तास एक निवासी डॉक्टर नोंदी विभागात बसले तर बहुतेक क्वेरी तिथेच मिटतील. केंद्रीय आरोग्य गुप्तवार्ता ब्युरोकडून आयसीडीचे प्रशिक्षण दिले जाते. तिथे प्रत्येक रुग्णालयाने आपला एक तरी माणूस पाठवावा. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयांत इंटर्नना पहिल्याच आठवड्यात एक तास डिस्चार्ज कार्ड लिहायला शिकवावे. तो तास घ्यायला आमच्यातले लोक यायला तयार आहेत.

हे करण्यामागे दाव्याचे पैसे हे एकच कारण नाही. कोणत्या तालुक्यात स्ट्रिक्चर जास्त, कुठे पायोनेफ्रोसिस उशिरा पोचतो, सी-आर्म (शस्त्रक्रियेवेळचे एक्स-रे यंत्र) आणि युरेटेरोस्कोप कोणत्या उपजिल्हा रुग्णालयात आधी द्यावा, हे प्रश्न आकड्यांवर ठरतात. सगळे एन१३.९ असेल तर शहाद्याला काय हवे आणि चाळीसगावला काय, हे कोणालाच दाखवता येत नाही. रुग्णालाही त्याचा कागद हक्काने मिळतो: २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तो कागद त्याच्या उपयोगाचा असावा.

रकान्यांचा मसुदा आणि स्टेंट रजिस्टरचा तक्ता आम्ही मराठीत तयार केला आहे. आपापल्या रुग्णालयाच्या नोंदी विभागात मागितल्यास मिळेल. उन्हाळ्याचे रुग्ण यायच्या आत, मार्चअखेर, तो एका तरी वॉर्डात चालू करून पाहावा, आणि सर्जरीच्या वॉर्डापासून सुरुवात व्हावी.

आपले,
खान्देशातील रुग्णालयांत वैद्यकीय नोंदी व कोडिंगचे काम करणारे